फेस येणारं औषध

छत्तीस वर्षं मी लोकांच्या जखमा धुतल्या आणि मला कोणी शिकवायला आलेलं खपत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी फ्लॉसी. नर्सिंग पासष्ट साली मुंबईत शिकले, तीस वर्षं हॉस्पिटलात काढली. रात्रपाळी झेपेना तेव्हा नोकरी सोडून वसईला भावाच्या घरी आले आणि खांद्याला पिशवी अडकवून घरोघरी ड्रेसिंगला जायला लागले. लोक मला पट्टीवाली सिस्टर म्हणायचे. तोंडाची फटकळ पण हाताची स्वच्छ, अशी माझी ख्याती होती आणि दोन्हींचा मला अभिमान होता.

ही गोष्ट दोन हजार एकच्या डिसेंबरात सुरू झाली. वसईजवळच्या होळी गावात श्रीपतभाऊंचा पानमळा होता. मळ्यात त्यांच्या घरातलं कोणी चप्पल घालून पाय टाकत नसे. खायच्या पानाची वेल सोवळी, तिच्या मुळाशी अनवाणीच जायचं, ही त्यांच्या आजा-पणजापासूनची रीत. श्रीपतभाऊंना साखरेचा आजार पंधरा वर्षांचा. तळपायाला काही लागलेलं कळायचंच नाही. वेली चढवायला लावलेल्या पांगाऱ्याचा काटा घुसला, मोडला, आत राहिला आणि हे गृहस्थ दोन दिवस तसेच हिंडले. ओटीवर रक्ताची पावलं उमटलेली त्यांच्या बायकोनं, कृष्णाबाईनं, पाहिली तेव्हा कुठे कळलं.

मी गेले तोवर जखम रुपयाएवढी झाली होती आणि वास मारत होती. मी कृष्णाबाईला दहा शब्द सुनावले, श्रीपतभाऊंना वीस. ते खाली मान घालून म्हणाले, "चुकलं, फ्लॉसीबाय. आता पाय वाचव म्हंजे झालं."

"वाचवीन," मी म्हटलं. असं नर्सनं म्हणायचं नसतं, पण मी म्हटलं.

माझी पद्धत ठरलेली होती. पिशवीत हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली. ते जखमेत ओतलं की पांढरा फेस उसळतो, चरचर आवाज येतो. फेस पुसायचा, पुन्हा ओतायचं, पुन्हा पुसायचं, फेस कमी होईपर्यंत. मग पिवळं आयोडिन, कोरडी पट्टी. हॉस्पिटलात आम्हाला असंच शिकवलं होतं आणि मी ते डोळ्यांत तेल घालून पाळत आले होते. घरच्यांना फेस फार आवडतो. आत काहीतरी घाण होती आणि ती आता बाहेर पडतेय, असं डोळ्यांनी दिसतं ना.

कृष्णाबाईला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "सकाळचं ड्रेसिंग मी करीन, संध्याकाळचं तू. हे बघ, फेस आला म्हणजे समज औषध लागू पडतंय." ती बाई इतकी नेमाची की विचारू नका. हात साबणानं तीन वेळा धुवायची, केस पदरात बांधायची, देवासमोर दिवा लावायची आणि मगच नवऱ्याचा पाय मांडीवर घ्यायची. बाटली तिनं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली होती. मी एकदा चेष्टा केली, "अगं, हिला फूल वाहा आता." तर ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्या हातानं त्यांचा पाय राहिला तर वाहीन पन."

पहिल्या आठवड्यात वास गेला. मी खूश. मग मात्र जखम तिथंच थांबली. वाढेना, भरेना. तळ नुसता फिकट, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. मी जास्त मन लावून धुवायला लागले. एकाऐवजी दोन बाटल्या आणल्या. जानेवारीच्या सुरुवातीला करंगळी काळी पडली आणि सर्जननं ती काढली.

सर्जन तरुण होता, शांत बोलायचा. त्यानं घोट्याची नस तपासली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, मोठी नस चालू आहे. पण जखमेत नवीन बारीक नसा फुटतच नाहीयेत. लाल मांस आलं नाही तर वरून कातडी धरणार कशावर? तीन आठवडे बघू. तोपर्यंत तळ लाल झाला नाही तर मला गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल."

"मी रोज धुतेय डॉक्टर," मी म्हटलं. "दोन वेळा."

"हो, तुमचं काम स्वच्छ आहे," तो म्हणाला. त्यानं कशानं धुता ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कशाला सांगू? मीठ कुठलं वापरता असं कोणी स्वयंपाकिणीला विचारतं का?

श्रीपतभाऊंचा मुलगा हरेश वसईत एका पतपेढीत नोकरीला होता. त्याचं लग्न त्याच वर्षी झालेलं. बायको उन्नती, आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, एमएस्सी झालेली, परळच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. काय करते असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नवीन रक्तवाहिन्या कशा तयार होतात, त्यावर." मी म्हटलं, "मग इथं घरातच कर की, सासऱ्याला पायली दोन पायली वाहिन्या हव्याच आहेत." ती हसली. चांगली मुलगी होती, पण बघायची फार. मी ड्रेसिंग करताना दाराशी उभी राहून माझ्या हातांकडे एकटक बघत राहायची आणि माझं डोकं फिरायचं.

करंगळी गेल्याच्या चौथ्या दिवशी ती माझ्यामागून अंगणात आली.

"सिस्टर, एक बोलू? रागावू नका."

"रागावायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते."

"ते पेरॉक्साइड थांबवता का? प्लीज. सुरुवातीला घाण होती तेव्हा ठीक होतं. आता ते नवीन पेशींना मारतंय."

मी पिशवी खाली ठेवली. ती घाईघाईनं बोलत गेली, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी, पण डोळ्यांत पाणी होतं. "जखमेत रक्त पोचत नाही तेव्हा तिथल्या पेशी गुदमरतात. गुदमरल्या की त्या एक सिग्नल सोडतात. हाकच म्हणा ना. शेजारी जी चांगली नस असते तिच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना ती हाक ऐकू जाते. मग त्यांतली एक पुढे निघते, हाक जिकडून येते तिकडे. बाकीच्या तिच्या मागून. अशी नवीन नस वाढते. पेरॉक्साइडला जंतू कोण आणि पेशी कोण ते कळत नाही, सिस्टर. हाक मारणारी पण मरते आणि ऐकून येणारी पण."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मी रोज बघते. काचेच्या डिशमध्ये."

माझं पित्तच खवळलं. "तुझा सासरा काचेच्या बशीत ठेवलेला नाही," मी म्हटलं. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी पट्ट्या बांधतेय. माझ्या हाताखाली किती पाय बरे झाले, मोजून दाखवू? सासूला सांगितलंस का हे?"

"सांगितलं. आई म्हणाल्या, सिस्टर सांगेल तर थांबवीन."

"मग सिस्टर काही सांगत नाही," मी म्हटलं आणि तरातरा निघाले. घरी पोचेपर्यंत तिला मनातल्या मनात शिव्या देत होते. माझी चूक काढली म्हणून नव्हे. तिनं ती इतक्या नम्रपणे काढली म्हणून. उर्मट असती तर विसरून गेले असते.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली आणि ओतायच्या आधी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नीट वाकून बघितलं. पांढऱ्या तळावर एका कडेला तीन-चार लाल ठिपके होते. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. होतेच. हाताला सवय होती, हात बाटलीकडे गेला आणि मी ओतलं. फेस आला. पुसला. ठिपके नव्हते.

कृष्णाबाई शेजारी बसून म्हणाली, "आज बराच निघाला गं फेस."

मी आयोडिन लावलं, पट्टी बांधली. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

शनिवारी मी आपण होऊन उन्नतीबरोबर परळला, तिच्या प्रयोगशाळेत गेले. जाताना पिशवीत माझी बाटली टाकली. तिच्या औषधावर माझा विश्वास नव्हता. काय बघायचं ते माझ्याच बाटलीनं बघणार होते.

तिची खोली लहान होती, थंड, आणि हॉस्पिटलपेक्षाही स्वच्छ. उबदार कपाटातून तिनं चपट्या झाकणाच्या बश्या काढल्या. "ह्या पेशी कुठून आणता?" मी विचारलं.

"बाळाच्या नाळेतून. मॅटर्निटीवाले देतात. नाळेत जी मोठी नस असते ना, तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी ह्या."

मॅटर्निटीत मी सहा वर्षं होते. किती नाळा कापल्या आणि बादलीत टाकल्या, गणती नाही. त्यातून असं काही काढता येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी काही दिसेना, मग तिनं कसलंसं चाक फिरवलं आणि दिसलं. पसरलेल्या ओल्या पोह्यांसारख्या चपट्या पेशी, एकीला एक चिकटून, जागा म्हणून नाही. आणि मधून सरळ मोकळी वाट. "तो ओरखडा मी आत्ता काढलाय," ती म्हणाली. "ही जखम. आता ही दुसरी डिश बघा, हिच्यावर काल दुपारी काढला होता."

दुसरीत ती वाट निम्म्याहून जास्त बुजली होती. दोन्ही काठांवरच्या पेशी लांब झाल्या होत्या, पुढे सरकल्या होत्या, आणि काही तर एकट्याच मधोमध जाऊन पोचल्या होत्या. मी बराच वेळ बघत राहिले. कोणी डॉक्टर नाही, कोणी सिस्टर नाही, आणि ह्या आपापल्या निघाल्या होत्या.

"ह्यांना सांगतं कोण?"

"शेजारची पेशी नाहीशी झाली ते कळतं त्यांना. शिवाय मी तो सिग्नल घातलाय पाण्यातून, एक प्रोटीन असतं. तो नसला तर फार हळू चालतात."

मी पिशवीतून बाटली काढली. "ह्यातलं घाल."

ती म्हणाली, "शंभर पट पातळ करते."

"कर. दोनशे पट कर हवं तर. माझं मला बघू दे."

तिनं पहिल्या बशीत थेंब घातले आणि आम्ही चहा प्यायला गेलो. चहा पिताना ती म्हणाली, "एक गंमत आहे, सिस्टर. शरीर स्वतःसुद्धा पेरॉक्साइड बनवतं. अगदी कणभर. पेशीच्या आत निरोप पोचवायला. म्हणजे वस्तू तीच आहे. फक्त तुम्ही ओतता." मला त्यात गंमत दिसली नाही.

तासाभरानं परत येऊन बघितलं. पोहे राहिले नव्हते. सगळ्या पेशी आक्रसून गोल झाल्या होत्या, सुट्या, पाण्यात तरंगत होत्या. वाटेच्या काठावर तर एकही नव्हती. मी डोळा बाजूला केला, पुन्हा लावला. आणि तेव्हा मला बाकीचे पाय आठवायला लागले. मार्सेल मास्तरांचा पाय. पाच महिने मी तो सकाळ-संध्याकाळ धुतला होता आणि शेवटी मांडीपासून गेला. पुढे मास्तर वारले, तेव्हा चर्चमधल्या त्यांच्या मिस्तीला, प्रार्थनेला, मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की आमच्या बाजूनं काही कमी पडलं नाही. त्या वेळी माझं बोलणं सगळ्यांना पटलं होतं.

मी उन्नतीच्या खुर्चीवर बसले आणि रडले. ती बिचारी नुसती उभी राहिली. हात लावावा की नाही हे तिला कळेना. शेवटी म्हणाली, "सिस्टर, तेव्हा सगळेच वापरायचे. अजून वापरतात."

"सगळ्यांचं मला सांगू नको," मी म्हटलं.

तिनं सुचवलं की घरी काही बोलायची गरज नाही, गुपचूप औषध बदलायचं. मलाही तेच हवं होतं, खोटं का सांगू. सोमवारी मी उकळून गार केलेलं मिठाचं पाणी नेलं. जखम नुसती हलक्या हातानं धुतली, ओली जाळीदार पट्टी ठेवली, वर कोरडी बांधली. कृष्णाबाई बघत होती.

"आज फेसाचं औषध नाय?"

"नवीन पद्धत निघालीय. ओलं ठेवायचं. संध्याकाळी तू पण हेच कर."

"आनि घान?"

"घाण नाही आता."

मंगळवारी पट्टी सोडली तर तळ पांढरा. बुधवारी पांढरा. गुरुवारी मी जखमेच्या कडेची कातडी बोटानं चाचपली, ती पेरॉक्साइडनं होते तशी भुरकट, कोरडी झाली होती. देव्हाऱ्याशेजारी फळीवर बघितलं, बाटली नव्हती. उन्नतीला खुणेनं विचारलं. तिनं आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मान खाली घातली. तांदळाच्या डब्यामागे नवी बाटली होती, अर्धी संपलेली.

कृष्णाबाईनं ती स्वतः बाजारात जाऊन आणली होती. आता तुम्ही म्हणाल, अडाणी बाई. तिला तसं म्हणायची माझी हिंमत नाही. तिला मीच शिकवलं होतं की फेस म्हणजे बरं होणं. मग मीच एक दिवस येऊन सांगते की आता फेस नको, आणि का ते सांगत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. म्हातारी सिस्टर कंटाळली, हात आखडता घेतेय, असं तिला वाटलं असणार. नवऱ्याचा पाय जात होता तिच्या.

सर्जनच्या तीन आठवड्यांतले अकरा दिवस राहिले होते.

मी ओटीवर श्रीपतभाऊंच्या समोर बसले आणि कृष्णाबाईला हाक मारली. बाटली मध्ये ठेवली. ती बघून तिचा चेहरा उतरला. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं की मी नीट, सिस्टरसारखं सांगीन. पण तोंडून आधी बाटलीचंच निघालं.

"ही बाटली आणलीस ते बरोबर केलंस," मी म्हटलं. "मीच तुला तसं शिकवलं होतं. शिकवणारी चुकली. ह्या औषधानं घाण जाते, पण त्याबरोबर जखम भरून काढणारं जे काही असतं ते पण मरतं. पहिला आठवडा ठीक होतं. त्यानंतर थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. जखमेत रोज नवीन नसा फुटायला बघत होत्या आणि मी रोज त्या धुऊन काढत होते. पाच आठवडे."

उन्नती दाराआड होती.

"तुला कसं कळलं?" श्रीपतभाऊंनी विचारलं.

"तुमच्या सुनेनं दाखवलं. आधी सांगितलं होतं तिनं, मी तिलाच बोलले."

श्रीपतभाऊ आपल्या पायाकडे बघत म्हणाले, "वेल उतरवून आमी तिला परत मातीत पुरतो, बाय. मग आठ-दहा दीस तिथं पाय ठेवत नाय. पानी पन हातानं शिंपडतो. तेव्हाच तर फुटत असते ती." एवढंच बोलले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

कृष्णाबाई मात्र रागावली. तिचा राग माझ्यासारखा तोंडाचा नव्हता. ती उठली, बाटली उचलली, मोरीत रिकामी केली आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आनि बोट?" ती म्हणाली. "बोट ऱ्हायलं असतं?"

"सांगता येत नाही."

"तुला येतं. सांग."

"कदाचित राहिलं असतं," मी म्हटलं.

मी पिशवीतून मिठाच्या पाण्याची बाटली काढली आणि पट्टी सोडायला पुढे वाकले. तिनं माझं मनगट धरलं. "हात लावू नको. तोंडानं सांग."

तर मी तोंडानं सांगितलं. पुढचे अकरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून सांगायचे आणि ती करायची. पाणी कोमट आहे का बघ. वरून ओत, आपटू नको. पुसू नको, टिपून घे. पट्टी ओली ठेव, निथळती नको. त्यांना पाय जमिनीला टेकवू देऊ नको, मोरीपर्यंतसुद्धा हरेशच्या खांद्यावरून ने. ती हूं की चूं करत नसे. सांगितलेलं एक पाऊल चुकत नसे. माझे हात मांडीवर पडून असायचे आणि मला त्यांचं काय करावं कळत नसे. छत्तीस वर्षांत मी कधी जखमेसमोर रिकाम्या हातांनी बसले नव्हते.

पाचव्या दिवशी ती पट्टी सोडता सोडता थांबली. "लाल दिसतंय," ती म्हणाली. मला पायरीवरून दिसत नव्हतं. "किती?" मी विचारलं.

"कडेला. बारीक बारीक दानं."

"हात लावू नको त्याला."

"नाय लावत."

सातव्या दिवशी तिनं आतून हाक मारली. "सिस्टर, रक्त आलं. पट्टी काढताना." मी उभी राहिले पण उंबरा ओलांडला नाही. "चांगलं आहे ते," मी म्हटलं. "नसा आल्याशिवाय रक्त कुठून येईल? पुढच्या वेळी पट्टी आधी भिजव, मग काढ." दाराआड उन्नती तोंडावर हात धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी नजर फिरवली, नाहीतर पुन्हा रडले असते.

बाराव्या दिवशी सर्जननं पाय बघितला. मला खोलीत बोलावलं नव्हतं, मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडं होतं. त्यानं चिमट्याचं टोक तळाला हलकेच टेकवलं, रक्ताचा थेंब आला, आणि तो म्हणाला, "पाय राहतो. काय केलंत?"

"सिस्टरनं सांगितलं तसं केलं," कृष्णाबाई म्हणाली. तेवढंच. पहिलं काय सांगितलं होतं ते तिनं काढलं नाही.

श्रीपतभाऊंचा पाय एप्रिलच्या शेवटी पूर्ण भरला. मळ्यात जायला हरेशनं त्यांना रबरी बूट आणले. रीत मोडली म्हणून दोन दिवस ते रुसून बसले आणि तिसऱ्या दिवशी बूट घालून गेले. हे मला उन्नतीनं सांगितलं. मी त्या घरी जायची बंद झाले होते. बाकीच्या घरी जायचे, नव्या पद्धतीनं करायचे, आणि कोणी फेसाचं औषध मागितलं तर सगळं पहिल्यापासून सांगायचे, माझ्या चुकीसकट. दोन घरांनी मला बोलावणं बंद केलं. त्यांचं बरोबरच होतं.

मे महिन्यात एका दुपारी कृष्णाबाई आमच्या दारात आली. एकटी. मी खुर्ची दिली, ती खाली भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"एक विचारायचं हाय," ती म्हणाली. "सकाळी तू ओतायचीस. संध्याकाळी मी. देवाला दिवा लावून ओतायची मी. त्यांचं बोट तुझ्या हातानं गेलं का माझ्या?"

चार महिने हा प्रश्न ती उरावर घेऊन हिंडत होती. माझ्यावर रागावून ती मला उंबऱ्याबाहेर ठेवत होती असं मी समजत होते. माझ्यावर राग होताच. पण तिला झोप लागत नव्हती ती स्वतःच्या हातामुळे. तिनं ते दोन्ही हात पदराखाली धरले होते.

उन्नतीला मी परळला नेमकं हेच विचारलं होतं. एकदा धुतलं की पुन्हा किती वेळानं सुरुवात करतात ह्या पेशी? ती म्हणाली होती, जिवंत राहिलेल्या लगेच लागतात, सहा-आठ तासांत बऱ्यापैकी पुढे आलेल्या असतात. म्हणजे माझ्या सकाळच्या धुण्यानंतर दिवसभरात जे काही उगवायचं ते संध्याकाळी कृष्णाबाईच्या हातानं जायचं. आणि रात्रभरात जे उगवायचं ते माझ्या. हिशेब सरळ होता. निम्मं निम्मं.

"माझ्या," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच सांगतेय. सकाळी मी ओतलं की त्यात काही जिवंत उरायचंच नाही. संध्याकाळी तू ओतायचीस ते नुसतं मेलेल्यावर. तुझ्या हातानं काही गेलं नाही, कृष्णाबाई. मी नर्स आहे, मला माहीत आहे."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग तिनं पाण्याचा पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, "त्यांच्या टाचेला भेग पडलीय. उद्या येऊन बघून जा." आणि गेली.

मी दर महिन्याला कुमसाराला जाते. फादरसमोर गुडघे टेकून जे आठवेल ते सगळं पाप सांगते, मार्सेल मास्तरांच्या पायाचंही सांगितलं. त्या दुपारचं खोटं मात्र मी सांगितलेलं नाही. ते सांगितलं तर आधी त्याचा पश्चात्ताप झाला पाहिजे, आणि तो मला होत नाही.